दोन दारांमधली गोष्ट

मी एक जुनी जाळी आहे, मित्रांनो. मासे धरायची नव्हे, खिडकीला ठोकायचीही नव्हे. शेतातल्या मिरचीवर घरासारखी उभी राहणारी, शेडनेटची पांढरी जाळी. म्हणजे होते. आज मी माझ्या मालकाच्या, कडूबाच्या, पत्र्याच्या खोलीत, ठिबकच्या नळ्या आणि रिकाम्या पोत्यांच्या मागे, सुतळीनं करकचून बांधलेली पडून आहे. आयुष्यभर मी दुसऱ्यांना आत ठेवलं, आता मलाच कुणीतरी आत ठेवलं आहे. हसायचं असेल तर हसा. मला राग येत नाही. थोडा येतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथं बारीक धाग्याशी धागा विणून मला इतकं दाट केलं की डोळ्याला उजेड दिसावा, पण माशीचं डोकंसुद्धा आत शिरू नये. मग माझी मोठी गुंडाळी झाली, ट्रकमध्ये पडली आणि हलत डुलत जाफराबादला आली. तिथून पुढं कच्च्या रस्त्यानं कडूबाच्या शेतात. लोखंडी पाइपांच्या सांगाड्यावर मला चढवलं, चारी बाजूंनी मातीत गाडलं. तेव्हा मी नवीकोरी होते आणि फार ताठ्यात होते. कडूबा लांबून बघून बायकोला, चांगुणाबाईला, म्हणाला होता की आता आपलं शेत बंगल्यावानी दिसून राह्यलंय. ते मी अजून विसरलेली नाही.

माझं काम एकच होतं. बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही. माझ्या पोटात मिरचीचं बियाणं तयार व्हायचं. एका जातीच्या फुलाला दुसऱ्या जातीचा पराग माणसानं हातानं लावायचा, म्हणजे संकरित बी धरतं. मध्येच एखादी मधमाशी घुसली आणि भलताच पराग लावून गेली, तर बियाण्याची जात बिघडली. म्हणून मला एक सोडून दोन दारं होती. बाहेरचं दार उघडून आत यायचं, ते लावायचं, मग दुसरं उघडायचं. दोन्ही दारं एकाच वेळी कधीच उघडायची नाहीत. त्या दोन दारांमध्ये चार माणसं दाटीवाटीनं बसतील एवढी जागा होती. चपला तिथं काढायच्या, हात तिथं धुवायचे. मी त्या जागेला कधी फारशी किंमत दिली नाही. माझी खरी इज्जत आत, मिरचीच्या ओळींत, असं मी समजत होते.

आत बायका काम करायच्या. दुपारी न उमललेली कळी चिमट्यानं अलगद उघडायची, तिच्यातले नर केसर काढून टाकायचे आणि कळी साफ झाल्याची खूण म्हणून तिला लाल लोकरीचा धागा अडकवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी धागा दिसेल त्या फुलाला पराग लावायचा. दिवसभर वाकून, घामानं निथळत, बोटं न थरथरवता. माझ्या पोटात वारा फिरत नाही, मित्रांनो. मी माशी अडवते तशी झुळूकही अडवते, त्याला माझा इलाज नव्हता. बायका म्हणायच्या, ही जाळी नसून खुराडं आहे. मला लागायचं, पण खोटं नव्हतं.

या बायकांत दोघी माझ्या जिवाच्या. पहिली गोजरबाई. सगळ्यांत म्हातारी, तोंडानं फटकळ, हातानं मऊ. दुसरी प्रियदर्शनी. ती अंबडची, बी.ए. झालेली, लग्न होऊन इकडं आलेली. तिचा नवरा धम्मपाल जाफराबाद-भोकरदन जीप चालवायचा. आणि ही पोरगी कादंबऱ्या लिहायची. अहो, खरंच. मोबाइलवर गोष्टी वाचायचं एक ठिकाण असतं म्हणे, तिथं तिच्या दोन कादंबऱ्या आलेल्या होत्या आणि तिसरी दर रविवारी एकेक प्रकरण करून चालू होती. कुठल्या कुठल्या गावचे लोक वाचायचे आणि पुढं काय म्हणून तिला भंडावून सोडायचे.

तिच्या गोष्टी आपल्याकडच्या आणि तरी आपल्याकडच्या नव्हत्या. अंबडला कॉलेजात असताना तिला वाचनालयाच्या कोपऱ्यात पानं सुटलेलं एक इंग्रजी पुस्तक सापडलं होतं. पार पश्चिमेला, समुद्रात एक हिरवं बेट, तिथल्या केल्टिक लोकांच्या जुन्या पुराणकथा. शब्दकोश मांडीवर घेऊन तिनं त्या वाचल्या आणि तिला वेड लागलं. त्या कथांत टेकडीच्या पोटात वेगळीच माणसं राहतात, कधी म्हातारी न होणारी. त्यांच्याकडचा एक दिवस म्हणजे बाहेरची शंभर वर्षं. आणि तिथल्या प्रत्येक वीरावर एखादी आण घातलेली असते, हे करायचं नाही, ते नाकारायचं नाही. आण मोडली की माणूस गेलाच.

तिसऱ्या कादंबरीत तिनं त्या बेटावरची ओर्ला नावाची मुलगी पळवून आणली. दर्यावर्दी व्यापाऱ्यांनी धरलेली, दारूच्या रांजणांबरोबर जहाजात भरलेली आणि शेवटी बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर भोगवर्धनला पोचलेली. भोगवर्धन म्हणजे आपलं भोकरदन, दोन हजार वर्षांपूर्वीचं, हस्तिदंताच्या बाहुल्या घडवणारं. धम्मपालची जीप जिथं पंक्चर काढायला थांबते तिथंच ओर्ला विकली गेली, असं प्रियदर्शनी सांगायची आणि बायका हसायच्या.

ती लिहायची कशी, ते सांगते. गळ्यात पिशवी, पिशवीत मोबाइल. हात मिरचीत, तोंडानं गोष्ट चालू. मोबाइल तिचं बोलणं ऐकून अक्षरं उमटवायचा, घरी जाऊन ती ते नीट करायची. पण खरं म्हणजे ती मोबाइलला काही सांगतच नव्हती. ती गोजरबाईला सांगायची. शेजारच्या ओळीतून गोजरबाई हुंकार द्यायची. गोष्ट ऐकणाऱ्यानं "हूं" म्हणायचं, म्हणजे सांगणाऱ्याला पुढं जाता येतं. गोजरबाईचा हुंकार मोठा शहाणा होता. पटलं तर आखूड, नाही पटलं तर लांब, आणि घाबरली की हुंकारच बंद. प्रियदर्शनी त्या हुंकारावर गोष्ट वळवायची. मी वरून ऐकत राहायची. माझ्यासारख्या बांधून ठेवलेल्या जिवाला त्या पोरीमुळं समुद्र बघायला मिळाला.

आणि मग ती दुपार आली. ओर्लावर दोन आणा होत्या. आईनं घातलेली, की समोर आलेलं अन्न नाकारायचं नाही. आणि गुरूनं घातलेली, की टेकडीखालचं अन्न खायचं नाही. भोगवर्धनजवळच्या केळणा नदीच्या काठी, एका टेकडीच्या पोटात, तिथल्या राणीनं तिच्यापुढं ताट ठेवलं. आता काय करणार? कोणतीही आण पाळली तरी दुसरी मोडते. गोजरबाईचा हुंकार बंद पडला. सगळ्या ओळींतल्या बायकांनी कान टवकारले. ओर्लानं आईची आठवण काढली, घास उचलला, खाल्ला. आणि टेकडी मिटली. आता ती तिथंच राहणार. बाहेर पाऊल टाकलं आणि पाय भुईला लागला, की बाहेर लोटलेली सगळी वर्षं तिच्या अंगावर येतील आणि तिची माती होईल.

या सगळ्यात बायकांची बोटं चालूच होती. पण नुसतीच चालू होती. दुसऱ्या दिवशी बियाणं घेणाऱ्या कंपनीचा साहेब आला, धागा बांधलेली एक कळी त्यानं उघडून पाहिली, तर आत केसर जसेच्या तसे. दुसरी पाहिली, तीही तशीच. ओर्लाच्या नादात बायकांनी कळ्या साफ न करताच धागे बांधत पुरी ओळ संपवली होती. साहेब कडूबाला म्हणाला, ही ओळ उपटा, आणि पुन्हा असं दिसलं तर तुमचं सगळं बियाणं नापास.

कडूबा वाईट माणूस नाही. पण भ्यालेला माणूस वाईट माणसासारखाच बोलतो. त्यानं प्रियदर्शनीला आणि गोजरबाईला समोर उभं केलं.

"वहिनी, तुमची गोष्ट माझं शेत खाऊन राह्यली," तो म्हणाला. "ह्या मावशीच्या गळ्याला हात लावून आन घ्या. जाळीच्या आत एक शब्द गोष्ट सांगणार न्हाई."

प्रियदर्शनीचा शपथांवर काडीचा विश्वास नव्हता. तिच्या घरात असलं काही कुणी पाळत नव्हतं. पण गोजरबाईचा होता. गोजरबाईनं डोळे मिटून मान पुढं केली होती. आण मोडली तर म्हातारी रोज सकाळी आज आपला दिवस भरला म्हणून उठेल, हे पोरीला कळलं. तिनं हात लावला आणि शपथ घेतली.

त्यानंतरचे दिवस मी आठवत नाही बसत. आठवले की जीव गुदमरतो. चिमट्यांचा आवाज, पानांचा आवाज, कुणी खोकलं तर खोकल्याचा आवाज. तसं बघाल तर गोष्ट बाहेर सांगायला काय हरकत होती? पण बाहेर वेळ कुठला! जेवायच्या सुट्टीत घास उतरायच्या आत शिट्टी व्हायची, आणि संध्याकाळी ज्या त्या बायका ज्या त्या गावच्या टेम्पोत. प्रियदर्शनीनं घरी बसून लिहून पाहिलं. चूल आवरून, आपल्या लहान लेकीला झोपवून, भिंतीला टेकून. काही सुचेना. शेजारच्या ओळीतल्या बाईला ती सांगताना मी ऐकलं, कागद हुंकार देत नाही. एक रविवार गेला, दुसरा गेला. वाचणारे आधी विनवायला लागले, मग चिडायला. कुणीतरी लिहिलं म्हणे, की बाईंना शेवट सुचत नसेल तर सुरू कशाला केलं. ती ते वाचून दिवसभर मान वर न करता कळ्या साफ करत होती.

आणि गोजरबाई? ती तर ओर्लासाठी झुरायला लागली. भाकरी सोडताना तिचा हात थबकायचा. एकदा ओळीत कुणालाच उद्देशून नव्हे अशी पुटपुटली, "ती पोर तिथंच बसली की गं, अंधारात." माझी आणि त्या टेकडीची आता चांगलीच सोयरीक जुळली होती. दोघीही आत घेणाऱ्या, दोघीही न सोडणाऱ्या.

त्यातच गोजरबाईचे डोळे गेले. गेले म्हणजे मोतीबिंदूनं धुरकट झाले, बारीक केसर दिसेनात. कडूबानं तिला काढून टाकलं नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. त्यानं तिला दोन दारांमधल्या जागेत बसवलं. ज्या जातीचा पराग लावायचा त्या नर झाडांची फुलं ताटात घेऊन त्यांतले केसर बोटानं चाचपून वेगळे करायचे, वाळवायचे, पराग झटकायचा. ते काम डोळ्यांपेक्षा बोटांचं. तिथं ती एकटी, पुढं एक दार, मागं एक दार, बसून राहायची. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी प्रियदर्शनी हात धुवायला तिथं आली, तेव्हा म्हातारीनं तिचा पदर धरला.

"पोरी, मी आता जाळीच्या आत हाये का बाहेर?"

"म्हणजे काय आजी? आतच की."

"आत कशी? आतलं दार तर लावलेलं हाये. मिरचीचं झाड तरी हाये का इथं?"

"मग बाहेर म्हणा."

"बाहेर कशी? बाहेरचं दार बी लावलेलंच हाये." गोजरबाईनं ताट मांडीवर सारखं केलं. "पोथीतल्या त्या राक्षसाला देवानं उंबऱ्यावरच गाठला ना. ना घरात, ना दारात. तुझी आन आतली हाये. इथं ती चालत न्हाई. बस खाली."

प्रियदर्शनी हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिच्या हिरव्या बेटावरच्या कथांतही असंच असायचं, ज्याला ना घरात मरण ना बाहेर, तो उंबऱ्यावर सापडायचा. एवढ्या कथा वाचल्या, शब्दकोश झिजवला, आणि रोज चपला काढायची ती जागा तिच्या ध्यानात आली नव्हती. माझ्याही आली नव्हती, मित्रांनो, आणि ती जागा तर माझ्याच अंगाची होती.

तिनं कडूबाला सांगितलं, आजीला एकटीला उरकत नाही, मलाही पराग काढायला तिथं बसवा. कडूबानं बसवलं. मग त्या दोघी, मध्ये फुलांचं ताट, गळ्यात मोबाइल. पहिला शब्द फुटला तेव्हा तिचा आवाज इतका बारीक होता की मला कान द्यावा लागला. आणि मग गोजरबाईचा हुंकार आला, लांबलचक. मी शहारले. वारा नव्हता तरी शहारले.

रविवारची प्रकरणं पुन्हा सुरू झाली. कडूबाला कळलं का? कळलं असणार. कारण पूर्वी मांजरासारखा येणारा तो माणूस आता विहिरीपासूनच मोठमोठ्यानं खोकत यायला लागला. एकदा तर बाहेरच्या दारापाशी आला, हात कडीवर ठेवला, आतून आवाज ऐकला, आणि उन्हात तसाच उभा राहिला. प्रकरण संपेपर्यंत. मग परत विहिरीपर्यंत गेला आणि खोकत आला.

पण ओर्ला काही सुटेना. प्रियदर्शनीनं सगळ्या वाटा चाचपून पाहिल्या. राणी सोडायला तयार झाली, दार उघडं झालं, ओर्ला टेकडीच्या तोंडाशी येऊन बसली. पुढं काय? आत राहिली तर जिवंत पण कैद, बाहेर पडली तर माती. पोरगी म्हणायची, आजी, ह्या गोष्टींचा कायदाच तसा आहे, तिला मरावंच लागेल. गोजरबाई हुंकारच द्यायची नाही. सरळ नकार. मग गोष्ट पुढं जायची नाही. दोघी नुसत्या केसर काढत राहायच्या आणि मी वर बसून दोघींवर चरफडायची.

आणि मग अवकाळी वारं सुटलं. फुलांचं काम संपलेलं होतं, मिरच्या लालीवर आल्या होत्या, म्हणून बियाणं वाचलं. मी वाचले नाही. उन्हानं माझे धागे आधीच ठिसूळ झाले होते. एका कोपऱ्यात बारीक भोक होतं, सुई-दोऱ्याच्या दोन टाक्यांचं काम. मी कितीदा मनात म्हटलं, कडूबा, शिव रे. ते राहून गेलं होतं. त्याच भोकात वाऱ्यानं बोटं घातली आणि मला या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडलं.

दुसऱ्या दिवशी मला उतरवायला सगळ्या बायका आल्या. पाइपांवरून ओढलं, जमिनीवर पसरलं, गुंडाळायला लागल्या. एका टोकाला प्रियदर्शनी होती, तिच्या शेजारी गोजरबाई, चाचपत. आता ना आत उरलं होतं ना बाहेर, सगळं उघडं रान. शेजारच्या बाईचं लहान लेकरू अनवाणी आलं होतं आणि ढेकळं टोचतात म्हणून रडत होतं. गोजरबाईनं आवाजाच्या दिशेनं हात लांबवून त्याला उचललं, कमरेवर घेतलं. लेकरू गप्प झालं. आणि म्हातारी एकदम प्रियदर्शनीकडं वळली.

"अगं," ती म्हणाली, "पाय भुईला लागला तरच माती होती ना तिची? मंग तिला कडंवर घे की."

प्रियदर्शनी हातातलं माझं टोक धरून तशीच उभी राहिली. तिचं उत्तर ऐकायला मी जीव गोळा केला, तेवढ्यात कुणीतरी मला शेवटची गुंडाळी दिली, सुतळी आवळली, आणि आवाज बंद झाले.

तेव्हापासून मी इथं आहे. पत्रा तापतो, निवतो. उंदीर येऊन जातात. मी किती दिवस त्याच एका गोष्टीवर घुटमळत राहिले! सुटली का? सोडवली का तिनं? मला विचारायला तोंड नाही आणि सांगायला कुणी येत नाही. कैद ती कैदच, पण अर्धी गोष्ट पोटात घेऊन कैद होणं फार वाईट, हे मी कुणालाही सांगेन.

मग एका दुपारी कडूबा आणि चांगुणाबाई खोलीत पोती मोजायला आले. उकाडा होता, म्हणून दोघं माझ्याच अंगावर टेकून बसली. कडूबानं खिशातून मोबाइल काढला आणि अडखळत, मोठ्यानं वाचायला लागला. शेवटचं प्रकरण होतं. वाचणारा कोण, तर ज्यानं आण घातली तोच.

त्यानं वाचलं, की टेकडीच्या तोंडाशी एक म्हातारी आली, डोळ्यांनी अधू, बाजारात फुलं विकणारी. ओर्ला म्हणाली, जवळ येऊ नको आई, माझी माती होईल. म्हातारीनं ऐकलं नाही. तिनं आवाजाच्या दिशेनं हात लांबवले, ओर्लाला उचलून कडेवर घेतलं आणि भोगवर्धनच्या वाटेला लागली. पाय भुईला लागू दिले नाहीत. त्या म्हातारीचं नाव गोजर होतं.

चांगुणाबाईनं विचारलं, "आन् म्हातारी थकल्यावर वो?"

"थांब की, जल्दी काय हाये." कडूबानं घाम पुसला आणि पुढं वाचलं. म्हातारी थकली तेव्हा वाटेवरच्या दुसऱ्या बाईनं ओर्लाला आपल्या कडेवर घेतलं. ती थकल्यावर तिसरीनं. पुढं गावं बदलली, राजे बदलले, भोगवर्धनचं भोकरदन झालं. ओर्ला अजून कुणाच्या ना कुणाच्या कडेवर आहे, आणि तिचे पाय अजून भुईला लागलेले नाहीत.

वाचून झाल्यावर कडूबानं मोबाइल खिशात ठेवला. चांगुणाबाई हळूच "हूं" म्हणाली. मग दोघं उठली, पोती मोजली, दार लावलं.

ओर्ला सुटली, मित्रांनो. मी इतकी आनंदले की माझ्या गाठी दुखल्या. पण दार लागल्यावर मला माझी स्थिती कळली. ती दोघं जिथं टेकून बसली होती, तिथं भुईवर माझी पांढरी भुकटी पडलेली होती. ऊन खाल्लेले माझे धागे असे कण कण सुटत आहेत. मी भुईवर ठेवलेली आहे ना, म्हणून माझी हळूहळू माती होत आहे.

तुमच्या घरात, तुमच्या शेतात अशी कुणी गुंडाळून ठेवलेली असेल तर तिच्याकडे एकदा जा. भोक लहान असतानाच दोन टाके घाला. अजून धड असलेला तुकडा कापून वाफ्यावर पसरा, रोपांवर धरा, कशावरही धरा. आणि कुणी अर्धी गोष्ट सांगून थांबलं असेल तर त्याच्याजवळ बसून हुंकार द्या. मला फार काही नको. कुणीतरी यावं, सुतळी सोडावी, आणि मला भुईवरून उचलावं.